प्लेट रीडरचा आकडा दुसऱ्या लॅबला कळेल असा कसा द्यावा: सिंथेटिक बायोलॉजीच्या मोजमापांसाठी पायरीपायरीने

प्लेट रीडरवर (छोट्या खळग्यांच्या प्लेटमधल्या नमुन्यांचा प्रकाश मोजणारं यंत्र) जीएफपीचं (हिरवं चमकणारं प्रथिन) रीडिंग १,५०० आलं. हे जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्याच वेलचं (प्लेटमधल्या खळग्याचं) गेन वाढवून, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता वाढवून, पुन्हा वाचन घेतलं तर आकडा कितीतरी पट होतो. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात तीच प्लेट घातली तर तिसराच आकडा येतो. यंत्र जे देतं त्याला 'आर्बिट्ररी युनिट' म्हणतात, म्हणजे त्या यंत्राचं त्या दिवसापुरतं खासगी माप. मार्केट यार्डात कुणी "वीस रवे गूळ" म्हटलं, तर रवा दहा किलोचा की तीस किलोचा हे विचारल्याशिवाय हिशोब पुढे सरकत नाही. इथेही तसंच आहे, फक्त फ्लुरोसन्सच्या (चमकेच्या) बाबतीत ते विचारायचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात किंवा एखाद्या कॉलेजच्या बायोटेक, मायक्रोबायोलॉजी विभागात एमएस्सीचं प्रोजेक्ट करताना जनुकीय रचना बनवून मोजणाऱ्यांसाठी हा लेख आहे. उद्देश इतकाच, की इथे मोजलेला आकडा पुण्यातल्या, बंगळुरातल्या किंवा बोस्टनमधल्या माणसाला तुम्हाला फोन न करता वापरता यावा. पुढच्या वर्षी तुमच्याच टेबलावर बसणाऱ्या ज्युनिअरला वापरता आला तरी मोठं काम झालं. प्रोजेक्ट संपतं, विद्यार्थी नोकरीला जातो आणि लॅबच्या संगणकावर 'फायनल न्यू २' नावाची फाइल उरते. तिच्यातला कॉलम 'एस ३' म्हणजे कोणता नमुना, हे सांगायला कुणी नसतं.

मोजमाप शेअर करताना चार गोष्टी सोबत जाव्या लागतात: काय मोजलं (रचनेचा नेमका क्रम आणि कोणता जिवाणू), कसं मोजलं (यंत्र आणि त्याच्या सेटिंग्ज), कशाच्या तुलनेत मोजलं (कॅलिब्रेशन), आणि कच्चे आकडे. यातली एक जरी राहिली तरी उरलेल्या तिन्हींची किंमत घसरते. तिसरी सगळ्यात जास्त वेळा राहते, म्हणून या लेखात तिला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

पायरी १: प्रयोगाआधी नावं ठरवा

प्रत्येक नमुन्याला एकच ओळख द्या. ट्यूबच्या झाकणावर, नोटबुकात आणि फाइलमध्ये तीच असू द्या. ओळखीत अर्थ कोंबू नका. 'जास्त चमकणारी', 'नवीन प्लास्मिड' अशी नावं दोन महिन्यांत खोटी ठरतात. साधा क्रमांक घ्या, पुढे लॅबची दोन-तीन इंग्रजी अक्षरं जोडा आणि त्या क्रमांकाचा अर्थ वेगळ्या तक्त्यात लिहा.

क्रमांक मात्र जपून निवडा. पहिल्या प्लेटमधली ई५ ही वेल '१ई५' अशी लिहिली, तर एक्सेल तिला वैज्ञानिक पद्धतीचा आकडा समजून एक लाख करून टाकतं. इंग्रजी ई अक्षराच्या ओळीतली प्रत्येक वेल या सापळ्यात सापडते, बाकीच्या ओळी सुटतात. त्यामुळे चूक पटकन दिसतही नाही. मानवी जनुकांची काही नावं एक्सेल तारखा म्हणून बदलत होतं, तेव्हा नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये त्या जनुकांचीच नावं बदलली. तुम्ही प्लेट आणि वेल वेगवेगळ्या कॉलमांत ठेवा, प्रश्न मिटतो.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा: २०२५-०४-०३. आपण ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल वाचतो, अमेरिकी सेटिंगचा संगणक चार मार्च वाचतो. यंत्राला जोडलेल्या जुन्या संगणकाचं घड्याळही एकदा बघून घ्या. ते अनेकदा मागे पडलेलं असतं आणि फाइलवर तीच चुकीची वेळ छापली जाते.

पायरी २: रचनेचा क्रम द्या, नुसतं नाव नको

'जीएफपी' हे नाव पुरेसं नाही. मूळ जेलीफिशच्या जीएफपीचं मुख्य एक्सायटेशन ३९५ नॅनोमीटरला असतं. प्रयोगशाळेत सर्रास वापरली जाणारी ईजीएफपी ४८८ ला, तर सुपरफोल्डर जीएफपी ४८५ च्या आसपास उत्तेजित होते. चमकही सारखी नसते. म्हणून पूर्ण प्लास्मिडचा क्रम जेनबँक स्वरूपाच्या फाइलमध्ये द्या, वर्तुळाकार असल्याची नोंद करा आणि प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग), आरबीएस (रायबोसोम बसण्याची जागा), सीडीएस (प्रथिनाचा क्रम), टर्मिनेटर (थांबवणारा भाग) यांच्या सुरुवात-शेवटाच्या जागा खुणावून ठेवा.

हा क्रम तुम्ही सिक्वेन्सिंग करून तपासलेला आहे की संगणकावर जुळवलेला आहे, हे स्पष्ट लिहा. दोन्हींत फरक पडतो. प्रमोटरमधला एक बेस बदलला तरी अभिव्यक्ती कितीतरी पटींनी हलू शकते, आणि मग तुमचा आकडा भलत्याच रचनेच्या नावावर जमा होतो.

सोबत चार गोष्टी लागतात: यजमान जिवाणूचा स्ट्रेन (नुसतं ई. कोलाय लिहू नका, डीएच५ अल्फा की आणखी कुठला ते लिहा), प्लास्मिडचा ओरिजिन (जिथून त्याची प्रत निघायला सुरुवात होते तो भाग), अँटिबायोटिक आणि त्याची मात्रा, आणि माध्यम. एलबी माध्यम स्वतःच थोडं हिरवट चमकतं. त्यामुळे कमकुवत प्रमोटर मोजताना ते ब्लँकमध्ये (नमुना नसलेल्या वेलच्या वाचनात) मोठा वाटा उचलतं. अशा वेळी एम९ माध्यम बरं.

पायरी ३: कॅलिब्रेशन

इथे घाई करू नका. जगभरच्या विद्यार्थी संघांची आयजेम ही स्पर्धा २०१४ पासून एक आंतर-प्रयोगशाळा अभ्यास चालवत आली आहे: एकच रचना, एकच कृती, पण मोजणाऱ्या लॅब शेकड्याने. त्यातल्या २०१८ च्या अभ्यासात २४४ प्रयोगशाळांनी पेशींची संख्या मोजण्याच्या पद्धती ताडून पाहिल्या आणि सिलिकाच्या सूक्ष्म गोळ्यांचं कॅलिब्रेशन सगळ्यात भरवशाचं ठरलं. खालची कृती त्याच वळणाची आहे. तिचे दोन भाग आहेत: चमकेसाठी फ्लुरोसीन आणि पेशींच्या संख्येसाठी सिलिका मायक्रोस्फिअर.

फ्लुरोसीनचं द्रावण. बाटली सोडियम सॉल्टची घ्या. त्याचा रेणुभार ३७६.३ आहे. नुसतं 'फ्लुरोसीन' लिहिलेली बाटली फ्री अॅसिडची असू शकते. तिचा रेणुभार ३३२.३ असतो आणि ती पाण्यात नीट विरघळत नाही. लेबल न बघता वजन केलं तर पहिल्याच टप्प्यावर सुमारे १३ टक्क्यांची चूक बसते.

३७.६ मिलिग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं बफर द्रावण) विरघळवा. हे १ मिलिमोलर झालं. १० मिलिलिटरच हवं म्हणून ३.७६ मिलिग्रॅम मोजायचा मोह होतो, पण ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या तराजूवर तेवढ्यात जवळजवळ ३ टक्के अनिश्चितता येते. फ्लुरोसीन स्वस्त आहे, जास्त करा. मग १ मिलिमोलरमधलं १०० मायक्रोलिटर घेऊन पीबीएसने १० मिलिलिटर करा, म्हणजे १० मायक्रोमोलर तयार.

दोन गोष्टी सांभाळा. फ्लुरोसीनची चमक पीएचवर अवलंबून असते. ६.४ च्या आसपास ती झपाट्याने बदलते, म्हणून पीबीएसचा पीएच ७.४ च्या खाली जाऊ देऊ नका आणि डिस्टिल्ड वॉटरवर भागवू नका. दुसरं म्हणजे सोडियम सॉल्ट हवेतलं पाणी ओढतं. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये बाटली उघडी राहिली तर पुढच्या वेळी तुम्ही रंगाबरोबर पाणीही तोलत असता. बाटली डेसिकेटरमध्ये आणि द्रावण फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा.

प्लेट. ९६ वेलची, काळ्या भिंतींची, पारदर्शक सपाट तळाची. नमुने ज्या प्रकारच्या प्लेटमध्ये मोजणार, तोच प्रकार इथेही हवा. चार ओळी वापरा. कॉलम २ ते १२ मध्ये प्रत्येकी १०० मायक्रोलिटर पीबीएस घाला. कॉलम १ मध्ये २०० मायक्रोलिटर फ्लुरोसीन घाला. आता १ मधून १०० मायक्रोलिटर २ मध्ये न्या, पिपेटने तीन-चार वेळा वर-खाली करून मिसळा, २ मधून ३ मध्ये न्या, असं ११ पर्यंत. ११ मधलं जास्तीचं १०० मायक्रोलिटर टाकून द्या. ते १२ मध्ये अजिबात जाऊ देऊ नका, १२ हा ब्लँक आहे. हाताच्या सवयीने ते जातंच. शेवटी बाराव्या कॉलममध्ये चमक दिसली तर असंच झालेलं असतं आणि प्लेट पुन्हा लावावी लागते.

पहिल्या वेलमध्ये १० मायक्रोमोलरचं १०० मायक्रोलिटर, म्हणजे १ नॅनोमोल फ्लुरोसीन असतं. रेणूंत सांगायचं तर ६.०२ गुणिले दहाचा १४ वा घात. अकराव्या वेलपर्यंत १,०२४ पट पातळ होऊन सुमारे ९.८ नॅनोमोलर उरतं.

मायक्रोस्फिअर. सुमारे एक मायक्रॉन व्यासाच्या या सिलिकाच्या गोळ्या आकाराने आणि प्रकाश विखुरण्याच्या गुणधर्माने ई. कोलायच्या जवळ जातात. शीशी ४ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठवू नका. वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात व्हॉर्टेक्स करा. पहिल्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटरमागे ३० कोटी गोळ्या येतील असं पातळ करा. त्यासाठी किती घ्यायचं ते शीशीवरच्या संख्येवरून काढा. पुढे तीच निम्मे-निम्मे करण्याची पद्धत, पण पीबीएसऐवजी शुद्ध पाण्यात. अकराव्या वेलमध्ये सुमारे २.९ लाख गोळ्या उरतात.

इथे हमखास बिघडतं ते गोळ्या तळाशी बसल्यामुळे. प्लेट लावून चहाला गेलात तर परत येईपर्यंत त्या खाली बसलेल्या असतात. प्रत्येक डायल्यूशनला नीट मिसळा, लगेच यंत्रात घाला आणि वाचनाआधी यंत्राचं शेकिंग चालू ठेवा.

यंत्र. फ्लुरोसीनसाठी एक्सायटेशन ४८५ आणि एमिशन ५३० नॅनोमीटरच्या आसपासचे फिल्टर लावा. गोळ्या ६०० नॅनोमीटरला मोजा, पाथलेंथ करेक्शन (द्रावणाच्या उंचीनुसार आकडा बदलायची यंत्राची सोय) बंद ठेवून. गेन 'ऑटो' वर ठेवू नका. ऑटोमध्ये यंत्र दर प्लेटला स्वतःचं गेन निवडतं आणि कॅलिब्रेशनचा नमुन्यांशी असलेला संबंधच तुटतो. नमुन्यांसाठी योग्य गेन आधी शोधा, मग त्याच गेनवर फ्लुरोसीन मोजा. दोन-तीन गेनवर मोजून ठेवलंत तर पुढे उपयोग होतो.

तापमानाबद्दल स्थानिक अडचण आहे. बहुतेक प्लेट रीडर गरम करू शकतात, थंड करू शकत नाहीत. एप्रिलमध्ये एसी नसलेल्या खोलीत ३४ अंश असताना यंत्राला २५ वर ठेवलं तर ते मुकाट्याने ३४ किंवा त्याच्या वरच राहतं. सेट केलेलं नको, यंत्राने नोंदवलेलं तापमान लिहा.

निकाल तपासणं. ब्लँक वजा केल्यावर प्रत्येक वेल आधीच्या वेलच्या निम्मी असायला हवी. वरच्या टोकाला निम्मी होत नसेल, म्हणजे पहिली आणि दुसरी जवळजवळ सारखी येत असतील, तर डिटेक्टर तिथे भरून गेला आहे. खालच्या टोकाला आकडे ब्लँकमध्ये मिसळून जातात. दोन्ही टोकं सोडून मधला सरळ भाग वापरा. प्रत्येक टप्प्यावर गुणोत्तर दोनऐवजी १.८ च्या आसपास येत असेल, तर पिपेट जास्त माल उचलत आहे किंवा आधीची टिप तशीच पुढे वापरली गेली आहे. ही चूक पुढच्या वेलमध्ये साचत जाते. चारपैकी एकच ओळ वेगळी वागत असेल तर मल्टिचॅनल पिपेटचा तो चॅनल तपासा.

गोळ्या मिळत नसतील तर? त्या बाहेरून मागवाव्या लागतात आणि लहान कॉलेजच्या बजेटला जड जातात. मग फ्लुरोसीन तरी कराच. गोळ्यांऐवजी लुडॉक्स नावाचं सिलिकाचं कोलॉइड वापरून ओडी (६०० नॅनोमीटरला मोजलेला गढूळपणा) एका ठरलेल्या मापावर आणता येतो, पण त्यातून पेशींची संख्या मिळत नाही आणि एकाच बिंदूवर भिस्त असल्यामुळे यंत्र कुठपर्यंत सरळ मोजतं हेही कळत नाही. अगदी काहीच नसेल तर त्याच प्लेटमध्ये जे२३१०१ हा प्रमोटर असलेली रचना संदर्भ म्हणून लावा आणि तुमचा आकडा तिच्या पटीत द्या. या सापेक्ष प्रमोटर एककाची पद्धत २००९ मध्ये मांडली गेली. मात्र तिच्यावर आलेला आकडा नंतर निरपेक्ष मापात नेता येत नाही, म्हणून तिला तडजोडच समजा.

पायरी ४: नमुने मोजणं

यात नवं फार नाही. रात्रभर वाढवलेलं कल्चर ताज्या माध्यमात ओडी ०.०२ ला आणा, ३७ अंशांवर २२० आरपीएमला हलवा, शून्य आणि सहा तासांनी नमुना काढून बर्फावर ठेवा, प्रत्येक वेलमध्ये १०० मायक्रोलिटर घ्या. आकारमान कॅलिब्रेशनइतकंच हवं. प्लेटमध्ये प्रकाश वरून खाली जातो, त्यामुळे १०० ऐवजी २०० मायक्रोलिटर घेतलं की ओडी बदलतो आणि सगळं गणित कोसळतं.

तीन वेगवेगळ्या वसाहतींपासून सुरुवात करा. एकाच ट्यूबमधून भरलेल्या चार वेल म्हणजे चार प्रयोग नव्हेत, ती एकाच प्रयोगाची चार वाचनं आहेत. तक्त्यात जैविक आणि तांत्रिक पुनरावृत्तीचे दोन वेगळे कॉलम ठेवा. प्रत्येक प्लेटवर तीन गोष्टी हव्यात: नुसतं माध्यम, जीएफपी नसलेला तोच स्ट्रेन आणि चमकणारी ओळखीची रचना. जीएफपी नसलेला स्ट्रेन गाळला तर पेशींची स्वतःची चमक तुमच्या प्रमोटरच्या खात्यात जाते.

शेकर यूपीएसवर नसेल आणि मधे वीज गेली, तर किती वाजता गेली आणि किती मिनिटं गेली हे तक्त्याच्या शेरा कॉलममध्ये टाका. जीएफपी चमकायला लागण्यासाठी ऑक्सिजन लागतो. शेकर थांबला की वाढही मंदावते आणि जीएफपीची परिपक्वताही. असं वाचन लपवण्याऐवजी शेऱ्यासकट दिलेलं बरं.

पायरी ५: आकडेमोड

उदाहरणादाखल आकडे घेऊ. फ्लुरोसीनच्या चौथ्या वेलमध्ये १.२५ मायक्रोमोलर, म्हणजे ७.५३ गुणिले दहाचा १३ वा घात इतके रेणू आहेत. ब्लँक वजा जाता रीडिंग २०,००० आलं. म्हणजे यंत्राच्या एका युनिटमागे सुमारे ३७६ कोटी रेणू. गोळ्यांच्या तिसऱ्या वेलमध्ये ७.५ कोटी गोळ्या आणि निव्वळ ओडी ०.२५. म्हणजे ओडी १ मागे ३० कोटी कण.

आता नमुना: माध्यम वजा जाता फ्लुरोसन्स १,५०० आणि ओडी ०.१५. पहिल्याला ३७६ कोटींनी गुणलं की ५.६ गुणिले दहाचा १२ वा घात, दुसऱ्याला ३० कोटींनी गुणलं की ४.५ कोटी कण. भागाकार सुमारे १ लाख २५ हजार. हे झालं 'एका कणामागे इतक्या फ्लुरोसीन रेणूंइतकी चमक'. या एककाला एमईएफएल म्हणतात. यात जीएफपीचे १ लाख २५ हजार रेणू आहेत असा अर्थ काढू नका. चमक तेवढ्या फ्लुरोसीनएवढी आहे, एवढंच हे माप सांगतं. लेख लिहिताना ही गल्लत फार होते.

प्रत्यक्षात एक वेल न घेता सरळ भागातल्या सगळ्या वेलची सरासरी घ्या. पुनरावृत्तींची सरासरी भूमितीय काढा. जनुकीय अभिव्यक्तीतला फरक पटींमध्ये असतो, बेरजेत नसतो. साध्या सरासरीत एक चमकदार वसाहत बाकीच्यांना झाकून टाकते.

फ्लो सायटोमीटरवर मोजत असाल तर कॅलिब्रेशनसाठी रंगीत मण्यांची वेगळी शीशी येते, पण एकक तेच राहतं. यंत्राची कच्ची एफसीएस फाइल द्या, गेट लावलेला (ठराविक पेशीच निवडलेला) स्क्रीनशॉट कुणाच्या उपयोगाचा नाही. तिथे काय-काय नोंदवायचं याची मिफ्लोसाइट ही यादी २००८ पासून आहे. क्यूपीसीआरसाठी (डीएनएचं प्रमाण मोजण्याची पद्धत) माईक ही यादी २००९ पासून आहे.

पायरी ६: तक्ता

यंत्र जी फाइल देतं ती जशीच्या तशी जपा. ती एक्सेलमध्ये उघडून 'सेव्ह' दाबू नका. आधी केवळ वाचनापुरती करा आणि मग प्रत घेऊन काम करा.

शेअर करायचा तक्ता उभा हवा: एक ओळ म्हणजे एक वाचन. प्लेटच्या आकाराचा आठ बाय बाराचा चौकोन डोळ्यांना छान वाटतो, प्रोग्रॅमला नाही. कॉलम असे: प्लेट, वेल, नमुन्याची ओळख, जैविक पुनरावृत्ती, तांत्रिक पुनरावृत्ती, वेळ, राशी (फ्लुरोसन्स की शोषण), मूल्य, एकक, गेन, शेरा. नावं इंग्रजी लहान अक्षरांत, मधे मोकळी जागा न सोडता. फाइल सीएसव्ही, यूटीएफ-८ मध्ये.

आता आपल्याकडे खास घडणाऱ्या गोष्टी. एक्सेलमध्ये ३,००,००० असे स्वल्पविराम दाखवायची सोय चालू असेल तर सीएसव्हीमध्ये तो आकडा स्वल्पविरामांसकट जातो आणि पुढचा प्रोग्रॅम त्याला मजकूर समजतो. एक्सेल सीएसव्ही काढताना पडद्यावर दिसतं तेवढंच लिहितं. म्हणजे दोन दशांश स्थळांचं स्वरूप लावलं असेल तर ०.०१५७ चा ०.०२ होतो आणि मूळ आकडा गेला तो गेलाच. देवनागरी अंक डेटा फाइलमध्ये वापरू नका. जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेला मराठी शेरा दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांचा ढीग होतो, म्हणून मराठी लिहायचं तर युनिकोडमध्येच. मायक्रोचं चिन्ह युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या जागी आहे. दिसायला सारखंच, पण संगणकाला ते दोन वेगळे वर्ण वाटतात आणि मग शोध लागत नाही. त्याऐवजी साधं इंग्रजी यू अक्षर वापरा.

डिटेक्टर भरला की काही यंत्रं आकड्याच्या जागी 'ओव्हर' सारखा शब्द छापतात. तिथे शून्य घालू नका आणि ओळ पुसू नका. मूल्य रिकामं ठेवा, शेऱ्यात 'संपृक्त' असं इंग्रजीत लिहा. शून्य आणि 'मोजता आलं नाही' या दोन गोष्टी एकमेकींपासून खूप लांब आहेत.

याशिवाय दोन छोटे तक्ते लागतात: नमुन्यांचा (ओळख, रचना, स्ट्रेन, माध्यम) आणि कॅलिब्रेशनचा (वेल, पदार्थ, मात्रा, लॉट क्रमांक). आणि एक रीड-मी फाइल. ती इंग्रजीत असू द्या, पण मराठीतही एक प्रत ठेवा. पुढच्या बॅचची मुलं तीच आधी उघडतील.

पायरी ७: एसबीओएल

इथपर्यंत केलंत तरी तुम्ही बऱ्याच प्रकाशित लेखांच्या पुढे आहात. एसबीओएल ही सिंथेटिक बायोलॉजीची खुली भाषा आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२० मध्ये आली. जेनबँक फाइल क्रम सांगते. एसबीओएल त्या क्रमाचं प्रत्यक्ष ट्यूबशी आणि मोजमापाशी नातं सांगते. तिच्यात आराखडा हा 'कंपोनंट', त्यावरून खरोखर बनवलेली ट्यूब 'इम्प्लिमेंटेशन', मोजलेल्या फाइलींचा गट 'एक्सपेरिमेंटल डेटा' आणि प्रत्येक फाइल 'अटॅचमेंट' असते. आराखडा एकच, ट्यूब तीन, असं असतं तेव्हा या विभागणीची खरी किंमत कळते. एका ट्यूबमध्ये म्युटेशन सापडलं तर आराखडा न बिघडवता फक्त तिच्या नावावर ते नोंदवता येतं.

भागांची भूमिका शब्दांत न लिहिता सिक्वेन्स ऑन्टॉलॉजीच्या क्रमांकाने लिहितात: प्रमोटर एसओ ००००१६७, आरबीएस ००००१३९, सीडीएस ००००३१६, टर्मिनेटर ००००१४१. जिवाणूसाठी एनसीबीआयचा टॅक्सॉनॉमी क्रमांक, ई. कोलायचा ५६२, स्ट्रेनचं नाव वेगळं.

कोडिंग येत नसेल तर एसबीओएल कॅनव्हासवर ब्राउझरमध्ये रचना काढा किंवा एक्सेल-टू-एसबीओएलचा साचा भरा. पायथन येत असेल तर पायएसबीओएल३ वापरा. प्रत्येक वस्तूला वेबपत्त्यासारखी कायमची ओळख लागते. स्वतःचं डोमेन नसेल तर सिनबायोहब या ऑनलाइन संग्रहावर चढवा, तिथे ती मिळते. नवख्यांनी पहिल्याच दिवशी अख्खी भाषा शिकू नये. कंपोनंट आणि अटॅचमेंट एवढं जमलं तरी सुरुवात झाली.

पायरी ८: बाहेर देणं

चढवण्याआधी एक चाचणी करा. प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या वर्गमित्राला फोल्डर द्या आणि कुठल्याही एका वेलचं एमईएफएल कच्च्या फाइलपासून काढायला सांगा. तुम्ही शेजारी बसू नका. त्याने विचारलेला प्रत्येक प्रश्न रीड-मीमध्ये भरायचा राहिलेला मुद्दा आहे.

मग गाईडशी बोला. पेटंटचा विचार असेल तर अर्ज आधी, डेटा नंतर. रचनाच कुणाला पाठवायची असेल तर तो वेगळा विषय, त्याला संस्थेच्या जैवसुरक्षा समितीतून जावं लागतं. क्रमांच्या माहितीसाठी फरीदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे, ते २०२२ मध्ये सुरू झालं. मोजमापांच्या फोल्डरसाठी झेनोडो हा ऑनलाइन डेटा संग्रह सोयीचा: मोफत, एका नोंदीला ५० जीबीपर्यंत जागा, आणि डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो. परवाना सीसी-बाय किंवा सीसी-झीरो निवडा. परवाना न लिहिलेला डेटा लोक वापरायला बिचकतात.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण) काढून रीड-मीमध्ये टाका. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही आज्ञा त्यासाठी आधीपासून असते. नंतर कुणी म्हणालं की तुमच्या फाइलमध्ये वेगळे आकडे दिसतात, तर दोघांकडे तीच फाइल आहे का हे एका मिनिटात कळतं.

चढवल्यावर चूक सापडली तर जुनी नोंद काढून टाकायच्या भानगडीत पडू नका. झेनोडोवर नवी आवृत्ती चढवता येते, तिला स्वतःचा डीओआय मिळतो आणि जुनीही जागेवर राहते. रीड-मीच्या वरच्या बाजूला कोणत्या प्लेटच्या कोणत्या वेल बदलल्या, कशामुळे आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा.